वाफेच्या नळांचे आधार

औष्णिक विद्युत् केंद्र पाहावयास गेलेल्या माणसाचे लक्ष प्रथम बॉयलर, टर्बाइन आणि उंच धुराडे यांच्याकडे जाते. बॉयलरमधून टर्बाइनकडे वाफ नेणारा जाड नळ कशावर उभा आहे, हा प्रश्न त्याला सहसा सुचत नाही. वस्तुतः तो उभा नसतोच. बहुतेक ठिकाणी तो टांगलेला असतो.

याचे कारण उष्णतेत आहे. भारतात पुष्कळ केंद्रांत बसविलेल्या २१० मेगावॉटच्या संचांत वाफेचे तापमान सुमारे ५३५ अंश सेल्सिअस असते. ५० मीटर लांबीचा पोलादी नळ इतका तापला म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणजे फुटाहून अधिक, लांबतो. त्याला घट्ट जखडून ठेवल्यास नळ तरी वाकेल, किंवा टर्बाइनवर भलताच ताण येईल. म्हणून तो स्प्रिंगांवर टांगतात. साधी स्प्रिंग जितकी दाबली जाईल तितका तिचा जोर वाढतो. त्यामुळे नळाची हालचाल अल्प असेल तेथेच ती चालते. हालचाल मोठी असेल तेथे तरफेची जोड देतात. स्प्रिंगचा जोर वाढत जातो तसतशी तरफेची भुजा आखूड होते, आणि नळाला मिळणारा आधार जवळजवळ सारखाच राहतो.

अशा आधारावर एक काटा व मापपट्टी असते. पट्टीवर नळ थंड असतानाची एक आणि तापलेला असतानाची दुसरी, अशा दोन खुणा केलेल्या असतात. म्हणून तपासणीही दोनदा करावी लागते: एकदा केंद्र चालू असताना आणि एकदा ते थंड झाल्यावर. जेथे नळ सरकावयास हवा तेथे दोन्ही वेळी काटा एकाच जागी आढळला, तर आधार अडकला आहे असे समजावे. कारण पुष्कळदा क्षुल्लक असते. गंज चढलेला असतो, राख साचलेली असते, किंवा रंगाऱ्याने अति उत्साहाने मापपट्टीसकट सारे रंगवून टाकलेले असते! कधी अडणीची खीळच काढावयाची राहून जाते. नळात पाणी भरून दाबाची चाचणी घेताना पाण्याचा जादा भार स्प्रिंगवर पडू नये म्हणून ही खीळ घालतात. ती तशीच राहिली, तर स्प्रिंग असून नसल्यासारखी होते.

एक आधार निकामी झाला की त्याचा भार शेजारच्यांवर पडतो; म्हणूनच काटा खुणेवर आणण्यासाठी दिसेल तो नट आवळणे धोक्याचे आहे. एके ठिकाणी नळ उचलला तर दुसरीकडचे वजन बदलते. संपूर्ण नळाचे गणित मांडल्यावाचून असा फेरफार करू नये. शिवाय काटा का सरकला, हेही शोधावे लागते. फार वर्षे ताण व उष्णता सोसलेले पोलाद अतिशय मंद गतीने ताणले जाते व नळ खाली झुकतो. याउलट, नळात साचलेले पाणी वाफेच्या वेगाने फेकले गेले, तर एका क्षणात बसलेल्या धक्क्याने दांडे वाकतात. असा वाकलेला दांडा आढळल्यास तो बदलून काम संपत नाही. त्याच्या आसपासचे उष्णतारोधक आवरण काढून, तेथील जोडांच्या वितळजोडणीत बारीक तडे गेले आहेत काय, हे पाहावे लागते. नळ फुटलाच तर बाहेर पडणाऱ्या वाफेच्या वाटेतील माणसाला पळावयास अवधी मिळत नाही.