गाडी गरम होते? आधी विचारा, कुठे होते?

गाडी तापली की आपण अंदाजाने वॉटर पंप बदलतो. गिऱ्हाईक बिल भरतं आणि आठ दिवसांत गाडी परत दारात. म्हणून बॉनेट उघडायच्या आधी विचारा, गाडी नेमकी कुठे तापते?

१. भिगवण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये काटा चढतो, सोलापूर हायवेला उतरतो? मग पंखा बघा. एसी लावून पंखा फिरला नाही, तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने तपासा.

२. उभी असताना ठीक, पण दिवे घाट चढताना तापते? रेडिएटर चोंदलेला असू शकतो. बोअरचं जड पाणी ओतत राहिलं की आत क्षार बसतात. वरचा पाइप कडक गरम आणि खालचा गार असेल, तर थर्मोस्टॅटही तपासा.

३. बाहेर गळती नाही, तरी कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? हेड गॅस्केटचा संशय घ्या. अशी गाडी चालवत आणायला सांगू नका, हेड वाकतं. टो करूनच आणा.

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. आत दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेलं पाणी असतं, ते थेट तोंडावर उडतं.

आणि तपासणीचे पैसे आधीच सांगा. डोकं लावून शोधलेल्या कारणाचे पैसे मागायला लाजू नका.