कवळीचा जीव तिच्या कडेत

“डॉक्टर, वरची कवळी घट्ट बसते, मग खालचीच का तरंगते?” मांजरी बुद्रुक, मांजरी फार्म, शेवाळेवाडी, सगळीकडच्या ज्येष्ठांचा हा ठरलेला प्रश्न. विचारताना आवाजात थोडा संशयही असतो. वरची मन लावून केली आणि खालच्या वेळी उरकून टाकलं, असा. कधीकधी तसं होतंही. पण बहुतेक वेळा कारण तोंडातच असतं. ते समजलं, तर कवळी करून घेताना कशावर अडून बसायचं आणि कशावर नाही, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

वरची कवळी आधी बघू. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की सरळ ओढून सुटत नाहीत. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा जो पातळ थर असतो, तो हेच काम करतो. मात्र त्या थरात हवा शिरता कामा नये. हवा अडवते ती कवळीची कड. ओठ, गाल आणि हिरडी जिथे मिळतात त्या खोबणीत ही कड सगळीकडून अलगद टेकलेली हवी. मागच्या बाजूला ती टाळू जिथे मऊ व्हायला लागतो तिथवर पोचायला हवी. तिथे प्लॅस्टरच्या साच्यावर मुद्दाम किंचित कोरतात, म्हणजे कवळीची मागची रेघ टाळूत हलकी रुतून बसते. “मळमळतं, मागचा तुकडा कापून टाका,” असा आग्रह बरेच जण धरतात. कापल्यावर मळमळ कमी होते आणि दुसऱ्या दिवसापासून कवळी जेवताना खाली पडू लागते. थोडं घासून बघता येतं, पण निदान दोन आठवडे सवय होऊ द्या, मग बोलू.

कडेचं माप कसं घेतात ते नीट पाहा, कारण घाईच्या कामात नेमकं हेच गाळलं जातं. पहिल्या भेटीत ढोबळ ठसा घेतात. त्यावरून फक्त तुमच्या जबड्यासाठी एक साचा बनवतात. त्याची कड खोबणीपेक्षा दोनेक मिलिमीटर आखूड ठेवलेली असते. पुढच्या भेटीत हिरव्या रंगाची एक कांडी ज्योतीवर मऊ करून त्या कडेवर थोडी थोडी लावतात, कोमट पाण्यात बुडवून तोंडात धरतात आणि तुम्हाला कामाला लावतात : ओठांचा चंबू करा, गाल आत ओढा, तोंड मोठं उघडा, जीभ बाहेर काढा, आता डाव्या गालाला लावा, उजव्या. नातवंडं सोबत असतील तर फिदीफिदी हसतात. हसू द्या. तुमचे स्नायू तेवढ्या वेळात कड किती उंच आणि किती जाड हवी ते स्वतःच लिहून देत असतात. त्यानंतर पातळ पदार्थानं शेवटचा बारीक ठसा. एकाच ठशात आणि एकाच दिवसात कवळी देतो असं कुणी सांगितलं, तर कडेचं माप कधी घेणार, एवढंच विचारा. रीतसर कामाला साधारण पाच भेटी लागतात.

आता खालची. वरच्या कवळीला टेकायला अख्खा टाळू मिळतो, सुमारे 22 ते 24 चौरस सेंटिमीटर. खालचीला मिळतात जेमतेम 12 ते 14. तिच्या मधोमध जीभ वळवळते आणि तोंडाचा तळ प्रत्येक घोटासरशी वर येतो. शिवाय दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, तेही दोन्हीकडे सारखं नाही. आंत्ये टॉलग्रेन या संशोधिकेनं 1972 साली पंचवीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या जवळजवळ चौपट निघाली. म्हणजे खालची कवळी ओढून धरून बसत नाही, ती गाल आणि जीभ यांच्या मधल्या गल्लीत तोलून बसते. दात त्या गल्लीच्या बाहेर लावले की गाल ढकलतो, आत लावले की जीभ उचलते. “जीभ मागे ओढून धरू नका, टोक खालच्या पुढच्या दातांना लागू द्या,” हा सल्ला फुकटचा वाटतो, पण खालच्या कवळीच्या निम्म्या तक्रारी त्यानं कमी होतात असं माझं मत आहे.

मेणात दात लावून बघण्याची भेट अजिबात चुकवू नका. घरातलं एखादं माणूस आणि दात असतानाचा एखादा फोटो सोबत आणा, लग्नातला असला तरी चालेल. त्या दिवशी बहुतेकांचं लक्ष दातांच्या रंगाकडे असतं आणि सत्तरीतल्या माणसाला टीव्हीतल्या जाहिरातीसारखे पांढरेशुभ्र दात हवे असतात. माझा कल किंचित पिवळसर छटेकडे, पण चेहरा तुमचा आहे. माझं लक्ष असतं उंचीकडे. गप्प बसलेले असताना वरचे-खालचे दात एकमेकांना लागता कामा नयेत, दोन ते चार मिलिमीटर जागा मोकळी हवी. म्हणून एकसष्टपासून सहासष्टपर्यंत मोठ्यानं मोजायला लावतो. ‘स’ आणि ‘ष्ट’ म्हणताना दात खटखटले तर उंची जास्त झाली. अशा कवळीनं जबडा दुखतो, हिरड्या ठणकतात. उंची कमी पडली तर हनुवटी नाकाकडे सरकते, चेहरा म्हातारा दिसतो आणि ओठांचे कोपरे ओले राहून चिरतात. मेणात हे सगळं पाच मिनिटांत बदलता येतं. पक्की कवळी झाल्यावर मात्र बहुधा नव्यानंच करावी लागते.

दात अजून शिल्लक आहेत अशांनी एक ऐका. “सगळेच काढा, एकदाची कटकट मिटवा,” असं म्हणू नका. खालचे दोन सुळे जरी बऱ्यापैकी घट्ट असले, तरी त्यांचं रूट कॅनाल करून ते हिरडीच्या पातळीला कापता येतात आणि वर कवळी बसवता येते. मुळं आहेत तिथलं हाड टिकतं. मुळंही उरली नसतील तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणानं अडकणारी कवळी हा चांगला पर्याय आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 सालीच त्याला पहिली पसंती दिली होती. खर्च अर्थात वाढतो. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी 2017 पासूनच्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत चष्मा आणि श्रवणयंत्रासोबत कवळीही आहे. शिबिर कधी आहे याची चौकशी करा.

आणि मशेरी. आमच्याकडच्या कित्येक आज्यांचे दात किडून नाही, मशेरीनं हिरड्या सुटून गेले. दात गेल्यावरही बोट हिरडीवर फिरतंच, “आता कुठे दात आहेत खराब व्हायला?” दात नाहीत, पण कातडी आहे. तिथे पांढरा चट्टा किंवा जखम झाली आणि त्यावर कवळी घासत राहिली, तर कर्करोग ओळखायला उशीर होतो. कड घासून दिल्यावर दोन आठवड्यांत न भरलेली जखम तपासून घ्यायलाच हवी.

खाण्याचं सांगायचं तर कवळीची चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या पाव किंवा त्याहूनही कमी. पहिला आठवडा मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंना वाटून चावा, म्हणजे कवळी एका अंगाला उलटत नाही. पुढच्या दातांनी तोडू नका. मांजरी गोटा वांग्याचं भरीत खुशाल खा. पेरू-डाळिंबाच्या बिया मात्र खालच्या कवळीखाली शिरून रडवतात. द्राक्षं हवीत तर आपल्याच गावच्या संशोधन केंद्राचं ‘मांजरी नवीन’ बिनबियांचं आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट शेजारी असली तरी ऊस सोलून खायचे दिवस सरले, आणि मधुमेह असेल तर रसही नको. मधुमेहानं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लाळ आटते, लाळ आटली की कवळी सुटते. अशांनी कवळी ओली करूनच घालावी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

रात्री कवळी काढा. हिरड्यांना विश्रांती हवी, नाहीतर टाळू लालभडक होऊन बुरशी धरते. साध्या साबणानं मऊ ब्रशनं धुवा, टूथपेस्टनं चरे पडतात. मग साध्या पाण्यात ठेवा. कोरडी ठेवली तर आकार बदलतो आणि उकळत्या पाण्यात टाकली तर वाकडी होते.

नवी कवळी बोचली तर घरी कानस किंवा पॉलिश पेपर घेऊन बसू नका. जिथे बोचतं असं वाटतं तिथे ती टोचत नसते, बहुधा जवळच कुठेतरी असते. दवाखान्यात यायच्या आधी दोन-तीन तास ती घालूनच ठेवा, म्हणजे हिरडीवर लाल खूण उमटते आणि कडेचा नेमका तेवढाच भाग घासता येतो. चार-पाच वर्षांत हाड झिजून कवळी सैल होईल. तेव्हा चिकटवायच्या पावडरीचे डबे वाढवण्यापेक्षा आतून नवा थर भरून घ्या. आणि हातातून पडून मोडलीच, तर झटपट गोंदानं चिकटवू नका. तसं केलं की तुकडे पुन्हा नीट जुळत नाहीत. उडालेला बारीकसा टवका शोधून सगळे तुकडे एका डबीत घालून आणा.