फ्रेंच अक्षरांसाठी नवा कीबोर्ड हवा का?

प्रश्न : मी फ्रेंच शिकते आहे. संगणकावर उबुंटू आहे. ‘ई’वरची तिरकी रेघ, ‘सी’खालची शेपटी टाइपच होत नाही. फ्रेंच कीबोर्ड विकत घ्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच नको. कुठल्या कळीने कुठलं अक्षर उमटायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं, कळीवरची छपाई नव्हे.

सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड’ विभागात जाऊन ‘कंपोज की’ सुरू करा आणि त्यासाठी उजवी कंट्रोल कळ निवडा. ती नसेल तर कॅप्स लॉक चालेल. ही कळ दाबून सोडा, मग एकेरी अवतरणचिन्ह आणि ‘ई’ ओळीने दाबा. रेघेसह अक्षर उमटेल. स्वल्पविराम आणि ‘सी’ दाबलंत की शेपटी येईल. कळा एकदम दाबायच्या नाहीत, एकामागून एक.

दुसरा पर्याय ‘डेड कीज’ असलेल्या इंटरनॅशनल मांडणीचा. तीत अवतरणचिन्ह पुढच्या अक्षरासाठी थांबून राहतं. नुसतं चिन्ह हवं असेल तर नंतर स्पेस द्यावी लागते. रोजच्या इंग्रजी टायपिंगला हे जाचक होतं.

उजवी ऑल्ट मात्र कंपोजला देऊ नका. रुपया-चिन्हाच्या भारतीय इंग्रजी मांडणीत तिच्यासोबत ४ दाबून ते चिन्ह येतं.

कंपोजपासूनच सुरुवात करा. खर्च शून्य, आणि नको वाटलं तर तिथूनच बंद करता येतं.