डॉक्टर होणाऱ्या मुलाची तब्येत कोण बघणार?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेला एक मुलगा वडिलांबरोबर माझ्या दवाखान्यात आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) प्रवेश मिळाला तेव्हा गावाने त्याचा सत्कार केला होता, चौकात फलकही लागला होता. तक्रार होती पोटदुखीची आणि भूक मंदावल्याची. तपासणीत काही सापडले नाही. वडिलांना बाहेर बसवून मी विचारले, "झोप लागते का रे?" त्याचे डोळे भरून आले.

"काका, दोन महिने झाले, पहाटे तीनलाच जाग येते. पुस्तक उघडतो, पण ओळ डोक्यात शिरत नाही. ॲनाटॉमीच्या चाचणीत नापास झालोय. घरी सांगितलेले नाही."

मला माझे पहिले वर्ष आठवले. मीही मराठी माध्यमातून गेलेला. उत्तर येत असूनही इंग्रजीत तोंडातून शब्द फुटत नसे. पहिल्या सहामाहीत नापास झालो आणि घरी पत्र लिहिले, "अभ्यास ठीक चालला आहे."

वाचकहो, असे का होते? शाळेत पहिला येणारा मुलगा तिथे शंभर-दीडशे पहिल्या आलेल्यांत जाऊन बसतो. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री असे अवाढव्य विषय, होस्टेलचे जेवण, जागरणे आणि डोक्यावर घरच्यांच्या आशेचे ओझे. राष्ट्रीय आयोगाच्या कृतिगटाने 2024 साली दिलेल्या अहवालानुसार, पाहणीत भाग घेतलेल्या एमबीबीएस विद्यार्थ्यांपैकी 27.8 टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. म्हणजे दर चारांत एकाहून जास्त.

थोडा ताण सर्वांनाच येतो आणि तो ओसरतोही. पण उदासपणा, कशातही मन न लागणे, झोप बिघडणे, भूक जाणे, चित्त एकाग्र न होणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ते नैराश्य असू शकते. हा आजार आहे, आळस किंवा भित्रेपणा नव्हे. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी तो बरा होतो. मात्र मित्राकडून गोळ्या घेऊन परस्पर औषधोपचार करणे धोक्याचे. भावी डॉक्टरांत ही सवय विशेष दिसते.

पालकांनी काय करावे?

1. फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. झोप, जेवण, मित्र यांची चौकशी आधी करावी.

2. "नापास झालास तरी घर तुझेच आहे," हे स्पष्ट शब्दांत सांगावे. नापास झालेल्या विषयासाठी पुरवणी परीक्षा असते.

3. मुलाला मार्गदर्शक शिक्षक नेमून दिलेले असल्यास त्यांचे नाव विचारून घ्यावे. अडचण त्यांच्या कानावर घालायला मुलाला उत्तेजन द्यावे.

4. रॅगिंगची तक्रार दडपू नये. महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

5. "मी तुम्हाला ओझे झालोय," "मी नसतो तर बरे" असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, फोन घेणे बंद करणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी "जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मन मोकळे होते. मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तेथे चोवीस तास बोलता येते.

त्या दिवशी मी वडिलांना आत बोलावले. मुलाने स्वतःच सारे सांगितले. वडील थोडा वेळ गप्प बसले, मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आधी सांगायचेस ना!" पुढे तज्ज्ञांचे उपचार सुरू झाले. मुलाने सुट्टीनंतर आपल्या शिक्षकांनाही विश्वासात घेतले.

परवा त्याचा फोन आला. "काका, आता सात तास झोप लागते." मार्क किती, हे मी विचारले नाही.