जीपचा मागचा एक्सल आणि आपलं गुणोत्तर-प्रमाण



गुणोत्तर-प्रमाणाचा धडा आपण आंबे, मजूर आणि दिवस यांवर उरकतो. मुलं गणितं सोडवतातही, पण 'सर, याचा उपयोग काय?' हा प्रश्न राहतोच. शहापूर-मुरबाडच्या मुलांसाठी एक चांगलं उदाहरण म्हणजे जुनी जीप. ती दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणताना मागच्या एक्सलचा रेशो कोणता ठेवायचा, हे ठरवावं लागतं. अंदाजाने ठरवलं तर खर्च वाया जातो आणि गाडी घाटात दमते. आठवीचं गणित इथे पुरतं.

रेशो म्हणजे काय?

मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात दोन दातेरी चाकं असतात. लहान ते पिनियन, मोठं ते क्राउन. इंजिनाकडून येणारा शाफ्ट पिनियन फिरवतो, पिनियन क्राउनला आणि क्राउन चाकांना. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की रेशो मिळतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज लष्करी जीपमध्ये ३९ आणि ८ दात होते : ३९ ÷ ८ = ४.८७५. युद्ध संपल्यावर शेतीकामासाठी म्हणून जी सीजे जीप निघाली, तिच्यात ४३ आणि ८ दात आले : ४३ ÷ ८ = ५.३७५. महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलेली सीजे-३बी याच घराण्यातली. शेतात वेगापेक्षा ओढ महत्त्वाची, म्हणून आकडा वाढला.

आता हिशोब करू

टायरचा व्यास ७० सेंमी धरू. परीघ = २२/७ × ७० = २२० सेंमी, म्हणजे २.२ मीटर. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १००० मीटर. चाक मिनिटाला १००० ÷ २.२ = सुमारे ४५५ फेरे घेतं. टॉप गिअरमध्ये शाफ्ट आणि इंजिन सारखेच फेरे घेतात. म्हणून इंजिनाचे फेरे :

- ५.३७५ रेशो : सुमारे २४४३
- ४.८७५ रेशो : सुमारे २२१६

त्याच वेगाला पहिल्या रेशोत इंजिन मिनिटाला सव्वादोनशे फेरे जास्त घेतं. म्हणजे आवाज जास्त, पेट्रोल जास्त. मग फायदा काय? ५.३७५ ÷ ४.८७५ = सुमारे १.१०. म्हणजे चाकाला ओढ १० टक्के जास्त! एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. फुकट काही मिळत नाही, हाच या धड्याचा गाभा.

मग कोणता घ्यायचा?

आधी रस्ता विचारा, मग रेशो. टोकावड्याहून माळशेज घाट चढायचा, किंवा डोळखांब-किन्हवलीकडच्या आतल्या रस्त्यांवर माणसं आणि पोती घेऊन फिरायचं, तर ५.३७५ बरा. शहापूरहून नाशिक महामार्गाने बहुतेक मुंबईकडेच जायचं, तर ४.८७५ सुखाचा. पण मग कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर लवकर यावं लागेल. उतरतानाही फरक पडतो : मोठा आकडा इंजिनाच्या जोरावर गाडी जास्त धरून ठेवतो, ब्रेक कमी तापतात.

तीन गोष्टी विसरू नका. क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलायचे. गाडी फोर-व्हील असेल तर पुढच्या एक्सलचाही रेशो तोच हवा, नाहीतर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि मधला गिअर तुटतो. आणि रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. ५.३७५ चा ४.८७५ केला, तर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी खरी ६६ ने पळत असेल. घाटात हे महागात पडू शकतं.

मोठे टायर लावले तर?

व्यास ७७ सेंमी केला, तर परीघ २४२ सेंमी. २४२ ÷ २२० = १.१०. म्हणजे ५.३७५ घेऊन कमावलेली १० टक्के ओढ टायरने खाऊन टाकली! नुसते रुबाबासाठी मोठे टायर लावणाऱ्यांना हे गणित जरूर दाखवा.

४३ आणि ८ च का?

४० आणि ८ का नाहीत? ४३ आणि ८ या सहमूळ संख्या, त्यांचा लसावि ३४४. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी होते. ४० आणि ८ असते, तर पिनियनच्या प्रत्येक दाताची गाठ क्राउनच्या ठरलेल्या ५ दातांशीच पडली असती.

करून पाहा

ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी स्टँडवर असेल, तर त्यांनाच मागची दोन्ही चाकं एकत्र एक फेरा फिरवायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये हवी. मुलांनी लांब उभं राहून शाफ्टचे फेरे मोजायचे. पाचाहून थोडे जास्त भरले तर ५.३७५, पाचाला थोडे कमी पडले तर ४.८७५.

मुलांसाठी प्रश्न

१. ताशी ८० किमी वेगाला दोन्ही रेशोंत इंजिनाचे फेरे किती? (उत्तर : सुमारे ३२५८ आणि २९५५)

२. ४३/८ च्या जोडीत तेच दोन दात पुन्हा भेटेपर्यंत गाडी किती मीटर पुढे जाते? (उत्तर : क्राउनचे ८ फेरे, म्हणजे १७.६ मीटर)

३. तुमच्या गावच्या रस्त्याला कोणता रेशो योग्य? कारण लिहा. याचं उत्तर प्रत्येक गावाचं वेगळं येईल, आणि तसंच यायला हवं.