जळक्या दाण्यावरून काळाचा हिशेब

शेत नांगरतांना किंवा विहीर खणतांना जमिनींतून जळक्या लाकडाचा कोळसा, काळे पडलेले दाणे व हाडें निघतात, हें कृष्णा-कोयनेच्या कांठच्या पुष्कळ शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. त्या वस्तु किती जुन्या असें पुसल्यास "पांडवांच्या वेळच्या" एवढेंच उत्तर मिळतें. परंतु त्यांचें वय मोजण्याची एक शास्त्रीय रीत आहे, व ती जाणण्यांत आपला लाभ असल्यामुळें येथें थोडक्यांत सांगतों.

ज्या १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याची विभागणी होऊन दक्षिण सातारा (१९६० पासूनचा सांगली जिल्हा) निर्माण झाला, त्याच सालीं अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठाचे विलार्ड लिबी यांनीं ही रीत जगापुढें मांडली. तीबद्दल त्यांस १९६० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

रीतीचें मर्म जमाखर्चासारखें आहे. अंतराळांतून येणाऱ्या किरणांमुळें वातावरणाच्या वरच्या थरांत नायट्रोजनापासून कर्बाचा एक निराळा प्रकार सतत तयार होतो. त्यास कर्ब-१४ म्हणतात. पिकें हवेंतील कर्बाम्लवायु घेतात, त्याबरोबर तो पिकांत शिरतो, आणि पुढें वैरणींतून जनावरांत व अन्नांतून मनुष्यांत येतो. जीव आहे तोंवर ही जमा चालू असते. ज्वारी कापली, झाड तुटलें किंवा बैल मेला, कीं जमा बंद होते. खर्च मात्र थांबत नाहीं.

हा खर्च सरकारी हप्त्याप्रमाणें ठराविक रकमेचा नसून शिलकेच्या प्रमाणांत होतो. जुन्या नाण्यांच्या हिशेबानें, आरंभीं एक रुपया असेल तर ५७३० वर्षांनीं आठ आणे, ११४६० वर्षांनीं चार आणे व १७१९० वर्षांनीं दोन आणे उरतात. शिल्लक मोजली कीं काळ कळतो. सुमारें ५०००० वर्षांपलीकडे शिल्लक इतकी सूक्ष्म होते कीं रीत चालत नाहीं. दगड व तांबें यांस तर ती लागूच पडत नाहीं. शिवाय हवेंतील कर्ब-१४ चें प्रमाण सर्व काळीं सारखें नसल्यामुळें, झाडांच्या खोडांतील वार्षिक वलयें मोजून उत्तर दुरुस्त करावें लागतें. उत्तरांत कांहीं वर्षांची अधिक-उणी मर्यादा दिलेली असते, आणि "आजपूर्वीं" या शब्दांतील "आज" म्हणजे १९५० साल, असा संकेत आहे.

आतां घरचें उदाहरण घेऊं. फुलांकरितां प्रसिद्ध असलेल्या कास पठारावरील पावसाळी तळ्याच्या गाळाचे थर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या संशोधकांनीं केरळांतील शास्त्रज्ञांच्या साहाय्यानें या रीतीनें तपासले. गाळांतील परागकण व डायाटम नांवाचीं सूक्ष्म शेवाळें पाहून त्यांनीं पावसाचा जुना लेखा लाविला. सुमारें ८६६४ वर्षांपूर्वीं हवा कोरडी होऊन पाऊस उणावला, व सुमारें २८२७ वर्षांपूर्वीं नैऋत्य मोसमी पाऊस पुन्हां दुर्बळ झाला, असें त्यांस आढळलें. गेल्या हजार वर्षांच्या थरांत पाणी दूषित झाल्याच्या खुणा आहेत. मनुष्याचा वावर व गुरांची चराई हीं त्याचीं संभाव्य कारणें होत.

पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. सुमारें इ. स. पू. १६०० ते ७०० पर्यंत तेथें शेतकरी नांदत होते. ते मुख्यतः जव पिकवीत; पाण्याचा पाट व बांधही तेथें सांपडला. शेवटच्या काळांत मात्र ऐसपैस चौकोनी घरें जाऊन लहान गोल झोंपड्या आल्या. कासचा दुसरा काळ याच सुमाराचा पडतो. तेवढ्यावरून निकाल देणें घाईचें होईल. परंतु पाऊस हटतो तेव्हां पाट बांधणारें गांवही खचूं शकतें, ही शंका आपणांस विचार करावयास लावणारी आहे.

असे पुरावे आपल्याच हातून नष्ट होतात. गांवच्या जुन्या पांढरीची माती शेतांत नेऊन टाकण्याची चाल आहे. त्या गाड्यांबरोबर असले दाणेही जातात. म्हणून इतकें करावें: माती काढतांना राखेचा थर, कोळसा किंवा जळके दाणे दिसल्यास काम थांबवावें. वस्तु धुवूं नये, व तीस रॉकेल किंवा तेल लागूं देऊं नये. खनिज तेलांतील कर्ब-१४ केव्हांच संपलेला असल्यानें वस्तु आहे त्याहून जुनी भासते. उलट ताजीं मुळें मिसळल्यास ती अर्वाचीन भासते. किती हात खोलीवर व कोणत्या थरांत मिळाली तें लिहून ठेवावें, आणि तलाठ्यामार्फत पुरातत्त्व खात्यास कळवावें.

कोळशापेक्षां दाणा अधिक मोलाचा समजावा. वाशाचें लाकूड जाळण्यापूर्वीं शेंकडों वर्षांचें असूं शकतें, व त्याचा कोळसा त्या झाडाचें वय सांगतो. दाणा मात्र एकाच हंगामाचा असतो. आतां सूक्ष्म यंत्रांमुळें एका दाण्यावरही मोजणी होते. मूठभर काळी माती टाकून देण्यापूर्वीं ती एकदां निरखून पाहावी, एवढीच आमची विनंति आहे.