तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही

पावसाळा सुरू झाला की चिखलीतल्या माझ्या दवाखान्यात जुलाब-उलट्या, कावीळ व टायफॉइडचे रुग्ण वाढतात. "डॉक्टर, आम्ही तर पाण्यात तुरटी फिरवतो," असे त्यातले पुष्कळ जण सांगतात. म्हणून तुरटी पाण्यात नेमके काय करते, ते आज पाहू.

तुरटी हा ॲल्युमिनियम व पोटॅशियम यांचा क्षार आहे. पाण्यात विरघळताच मिठाप्रमाणेच तिचेही विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. मीठ तेवढ्यावरच थांबते. तुरटीतील ॲल्युमिनियम मात्र पाण्याशी रासायनिक क्रिया करते व त्यातून कापसासारखे मऊ पुंजके तयार होतात. गढूळ पाण्यातील मातीच्या कणांवर ऋणभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात व तरंगत राहतात. ॲल्युमिनियमच्या धनभाराने ही दूर लोटण्याची शक्ती संपते, कण पुंजक्यांत अडकतात आणि तळाशी बसतात.

गाळाबरोबर काही जंतूही खाली जातात. पण सगळे जात नाहीत आणि गेलेले मरत नाहीत. हंडा हलला की ते पुन्हा वर येतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. अशा साथीतला 'ई' विषाणू गरोदर स्त्रियांच्या जिवावर बेततो. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही तो असू शकतो.

मग तुरटी टाकून द्यायची का? मुळीच नाही. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात व क्लोरीनही गाळावरच खर्ची पडते. म्हणून आधी पाणी निवळायचे, मग जंतू मारायचे. निघोजे बंधाऱ्यावरून उचललेले पाणी आपल्या चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रातही याच क्रमाने शुद्ध होते.

टँकरचे किंवा विहिरीचे पाणी गढूळ असेल तर तुरटीचा खडा हंड्यात दोन-चार वेळाच फिरवा. जास्त झाल्यास पाणी तुरट लागते. पाणी काही तास स्थिर ठेवा. वरचे निवळ पाणी न ढवळता काढून स्वच्छ फडक्याने गाळा. नंतर खळखळून उकळा, किंवा बाटलीवर दिलेल्या प्रमाणात क्लोरीनचे औषध घालून अर्धा तास थांबा. प्यायचे पाणी झाकून ठेवा व ओगराळ्याने घ्या. पाणी आधीच स्वच्छ असेल तर तुरटीची गरज नाही. मात्र पाण्यात विरघळलेली कारखान्यांची रसायने तुरटीने किंवा उकळण्याने जात नाहीत. पाण्याला उग्र वास किंवा रंग असेल तर ते पिऊच नका.